रोलाँ गारोस (फ्रेंच ओपन टेनिस), पहिल्या दोन फेऱ्यांचे अंदाज: क्लेवर, म्हणजे लाल मातीवर, भाव कसा वाचायचा

#१ लालमाती

पात्रता फेरी संपायच्या आत सगळ्यांचं एकमत व्हावं म्हणून धागा लवकर काढतोय. नियम साधे आहेत. प्रत्येकाला एका फेरीसाठी १०० गुण मिळतील. एका सामन्यावर जास्तीत जास्त ५ गुण लावायचे. अंदाज देताना, सामना सुरू होण्याआधी, जो भाव असेल तोच हिशेबाला धरायचा. ३.०० च्या भावावर ४ गुण लावले आणि खेळाडू जिंकला, तर १२ परत. हरला तर ४ गेले. सगळे गुण लावायची सक्ती नाही.

एकेरीच्या ड्रॉमध्ये १२८ जण असतात: ३२ सीड (मानांकित), १६ क्वालिफायर (पात्रता फेरी जिंकून आलेले), ८ वाइल्ड कार्ड (आयोजकांनी थेट घेतलेले), बाकीचे रँकिंगवर आलेले. म्हणजे पहिल्या फेरीत पुरुषांचे ६४ आणि महिलांचे ६४ सामने तीन दिवसांत होतात. एवढ्या सामन्यांचे भाव काढताना नावाजलेल्या कोर्टवरचे सामने नीट अभ्यासले जातात. बाजूच्या कोर्टवर ७० वा विरुद्ध ११० वा असा सामना असेल, तर भाव मुख्यतः रँकिंग आणि अलीकडच्या निकालांवर उभा राहतो. आपलं काम तिथे आहे.

रँकिंग सगळ्या कोर्टांचे गुण एकत्र मोजतं. जानेवारीत मेलबर्नला आणि मार्चमध्ये मायामीला हार्डकोर्टवर कमावलेले गुण मे महिन्यात सीड मिळवून देतात, पण लाल मातीवर घसरत जाऊन फोरहँड कसा मारायचा हे शिकवत नाहीत. २०२५ ला चौथा सीड टेलर फ्रिट्झ पहिल्याच फेरीत डॅनियल आल्टमायरकडून ७-५, ३-६, ६-३, ६-१ असा हरला. आल्टमायरची पॅरिसमधली आधीची पानं उलटून बघा. २०२० ला तो पात्रता फेरीतून येऊन चौथ्या फेरीपर्यंत गेला होता, वाटेत बेरेट्टिनीला हरवून. २०२३ ला दुसऱ्या फेरीत त्याने सिनरला पाच सेट्समध्ये हरवलं, सामना ५ तास २६ मिनिटं चालला. तो फ्रिट्झला हरवेलच असं नव्हे. पण चौथा सीड विरुद्ध बिनसीड या नजरेने त्या सामन्याकडे बघणं चूक होतं.

#२ प्रशासक

या धाग्यावर फक्त गुणांचा खेळ चालेल. भारतात पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ चालवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणं, हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्राचा जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासूनचा आहे. त्यामुळे कुठल्याही ॲपचा किंवा साइटचा दुवा दिसला की तो प्रतिसाद उडवला जाईल. 'पक्की मॅच' विकणाऱ्यांचे संदेश इथे चिकटवू नका, त्यांच्या चॅनेलची नावंही घेऊ नका. परदेशातले सभासद तिथल्या कायद्यानुसार काय करतात तो त्यांचा प्रश्न. इथे भाव हा फक्त मोजपट्टी म्हणून वापरायचा.

#३ दुसरी_सर्व्हिस

मोजपट्टीचाच हिशेब आधी मांडतो, म्हणजे पुढे वाद नको.

भावातून टक्केवारी काढायला १ भागिले भाव करायचं. १.२५ म्हणजे ८०%, ४.०० म्हणजे २५%. दोन्हींची बेरीज १०५ येते. वरचे ५ हा बुकीचा कट. तो काढायला प्रत्येक आकड्याला १.०५ ने भागा. खरे आकडे मग ७६.२ आणि २३.८ असे निघतात. बाजार काय म्हणतोय ते हे आकडे सांगतात, नुसता ८०% नाही.

आता तुमच्या अभ्यासातून फेव्हरिटची (ज्याचा भाव कमी त्याची) शक्यता ७२% निघाली असं धरा. ०.७२ गुणिले १.२५ बरोबर ०.९०. म्हणजे प्रत्येक गुणामागे सरासरी दहा टक्के तोटा, आणि तोही बहुतेक वेळा जिंकणाऱ्या खेळाडूवर! समोरच्याचं बघा: ०.२८ गुणिले ४.०० बरोबर १.१२. तो चारपैकी जवळजवळ तीन वेळा हरणार, तरीही गुण त्याच्यावर लावणं बरोबर. हे पचायला जड जातं, कारण आपल्या मनात 'अंदाज बरोबर आला' म्हणजे 'खेळाडू जिंकला' असंच बसलेलं असतं.

उत्तर १.०० च्या खाली आलं तर सामना सोडायचा. १.०० ते १.०५ असेल तरी सोडायचा, कारण आपल्या अंदाजातली चूकच त्याहून मोठी असते.

#४ नवा_भिडू

पहिल्या फेरीत मोठे सीड सहसा जिंकतातच ना? मग १.२० भावाचे पाच जण घेऊन त्यांची साखळी लावली तर? जवळजवळ अडीचपट होतात.

#५ दुसरी_सर्व्हिस

नवा_भिडू, १.२० पाच वेळा गुणलं की २.४९ येतं, हे बरोबर. पण प्रत्येकाची खरी शक्यता ८०% असेल तर पाचही जिंकण्याची शक्यता ३२.८% उरते. ०.३२८ गुणिले २.४९ केलं की साधारण ०.८२. एकेका सामन्यात चार टक्क्यांचा तोटा होता, तो साखळीत अठरा टक्क्यांवर गेला. साखळीने कट कमी होत नाही, तो प्रत्येक कडीला पुन्हा लागतो. म्हणून या खेळात साखळी ठेवलेलीच नाही.

पुरुषांच्या सामन्यात मात्र फेव्हरिटला एक खरा आधार असतो, पाच सेट्सचा. एक सेट जिंकण्याची शक्यता ६०% असेल तर तीन सेट्सच्या सामन्यात विजयाची शक्यता ६४.८% होते, पाच सेट्सच्या सामन्यात ६८.३%. सेटची ७०% असेल तर ७८.४% आणि ८३.७%. रोममध्ये किंवा माँटे कार्लोत त्याच दोघांच्या सामन्याला जो भाव होता, तो पॅरिसमध्ये खाली येतो तो एवढ्यासाठी. महिलांना हे लागू नाही, त्यांचे सामने सगळीकडे तीनच सेट्सचे.

#६ लालमाती

आता माती. इथे थोडं थांबू या, कारण 'क्ले म्हणजे स्लो' एवढ्यावर अंदाज बांधणारे इथेच फसतात.

रोलाँ गारोसच्या कोर्टवर वर दिसणारी विटांची लाल भुकटी जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. तिच्याखाली सहा-सात सेंटिमीटर दळलेला पांढरा चुनखडी दगड, त्याखाली कोळशाची राख-खंगर, मग खडी. टप्पा देतो तो चुनखडीचा थर. भुकटी पायाला घसरू देते आणि चेंडूला पकड देते. ओलावा धरून ठेवणाराही चुनखडीचाच थर, म्हणून दिवसातून अनेकदा पाणी मारतात. ऊन आणि वारा असला की वरचा थर सुकतो, भुकटी उडते, कोर्ट टणक होतं आणि टप्पा उंच व वेगाने येतो. ढगाळ आणि दमट हवेत उलट होतं. चेंडूची लोकर दमट होते, तिला माती चिकटते, चेंडू फुगल्यासारखा होतो. सर्व्हिसचा वेग हवेतच कमी होतो आणि टॉपस्पिन (पुढे फिरत येणारा चेंडू) खांद्यापर्यंत चढत नाही. नवे चेंडू आधी सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर येतात. दमट दिवशी त्या नऊपैकी शेवटच्या तीन-चार गेममध्ये सर्व्हिस टिकवणं जास्त कठीण जातं.

याचा अंदाजावर परिणाम असा होतो. उंच टप्प्यावर जगणारा टॉपस्पिनवाला कोरड्या दुपारी समोरच्याला महाग पडतो. एकहाती बॅकहँडवाल्यासमोर डावखुरा टॉपस्पिनवाला असेल तर आणखीच. सपाट आणि जोरात मारणाऱ्याला थंड, दमट हवेत चेंडू कमरेच्या उंचीवर मिळतो, त्याला ते आवडतं. पण तोच खेळाडू फक्त सर्व्हिसवर जगत असेल तर त्याचे फुकटचे पॉइंट त्या दिवशी आटतात. म्हणजे 'मोठा मारणारा' हा एक गट नाही, दोन आहेत. दोघांना एकच हवा लागू होत नाही.

छत विसरू नका. फिलिप शाट्रिए कोर्टवर २०२० पासून छत आहे, सुझान लाँग्लेनवर २०२४ पासून. बंद छताखाली वारा नसतो, चेंडू हातात घेऊन मारल्यासारखा लागतो. २०२४ ला दुसऱ्या फेरीत नाओमी ओसाका इगा श्वियाँतेकविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-२ ने पुढे होती, एक मॅच पॉइंटही आला होता. पाऊस होता, छत बंद होतं. श्वियाँतेक ७-६, १-६, ७-५ अशी सुटली आणि पुढे स्पर्धा जिंकली. ज्यांनी 'क्ले, श्वियाँतेक, विषय संपला' म्हणून १.१० च्या आसपासच्या भावात हात घातला असेल त्यांनी हवा बघितलेलीच नव्हती.

रात्रीचं सत्र २०२१ पासून आहे. शाट्रिएवर शेवटचा सामना रात्री सव्वाआठनंतर, म्हणजे आपल्याकडे पावणेबाराच्या पुढे. मे अखेरीस पॅरिसची रात्र गार असते, चेंडू जड होतो. त्यामुळे कोर्ट आणि वेळ जाहीर होईपर्यंत अंदाज लॉक करू नका. वेळापत्रक आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळी येतं.

#७ कोपरा_क्रॉसकोर्ट

लालमाती, कोर्टचा आकारही जोडा. शाट्रिएवर बेसलाइनच्या मागे भरपूर जागा आहे. बाजूच्या लहान कोर्टांवर तेवढी नाही. पाच-सहा पावलं मागे उभं राहून रिटर्न करणाऱ्याला तिथे पाठीमागची भिंत आणि लाइन जजेस जवळ येतात. तोच खेळाडू मोठ्या कोर्टवर वेगळा दिसतो. आणि रोलाँ गारोसने २०२५ लाही माणसांचे लाइन जजेस ठेवले होते, पुरुषांच्या दौऱ्यावरच्या बाकी क्ले स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली तरी. खुणेवरून वाद, पंच खाली उतरून बघणार, लय तुटणार. चिडणाऱ्या खेळाडूवर गुण लावताना मी हे धरते.

#८ टेम्स_काठ

भाव वाचताना एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत नसते: सामना अर्धवट सुटला तर निकाल काय धरतात. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या बुकींचे नियम वेगळे असतात. काही जण पहिला पॉइंट खेळला की पुढे जाणाऱ्याला विजयी धरतात. काहींकडे एक सेट पूर्ण व्हावा लागतो. काही जण सामना पूर्ण झाला नाही तर सगळं रद्द करतात. त्यामुळे दुखापतीची शंका असलेल्या खेळाडूच्या सामन्यात दोन ठिकाणचे भाव वेगळे दिसले, तर त्यात नेहमी 'कोणाला तरी आतली बातमी' असते असं नाही, नियमच वेगळा असतो. आपल्या खेळासाठी 'एक सेट पूर्ण' हा नियम ठेवा, तो मधला आहे.

पहिल्या फेरीत दुखापतग्रस्त खेळाडू उतरतात याचं कारण उघड आहे. पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ग्रँड स्लॅममध्ये मोठी रक्कम मिळते, बऱ्याच जणांचा अनेक महिन्यांचा प्रवास आणि कोचचा खर्च त्यातून निघतो. २०१८ पासून नियम असा आहे की ऐनवेळी, स्पर्धेच्या जागी येऊन माघार घेतली तर पहिल्या फेरीची अर्धी रक्कम त्याला मिळते आणि उरलेली अर्धी त्याच्या जागी येणाऱ्या लकी लूझरला (पात्रता फेरीत हरूनही जागा मिळालेल्या खेळाडूला). शिवाय व्यावसायिक दर्जाचा खेळ केला नाही तर पहिल्या फेरीच्या पूर्ण रकमेइतका दंड होऊ शकतो. याने प्रकार कमी झाले, संपले नाहीत.

खुणा कोणत्या बघायच्या? मागच्या तीन आठवड्यांत माघार किंवा अर्धवट सामना आहे का. दुहेरीतून नाव काढलंय का, पण एकेरीत ठेवलंय. सराव कोर्टवर सर्व्हिस मारतोय की नुसते ग्राउंडस्ट्रोक. मांडीला किंवा पोटाला पट्टी बांधली असेल तर क्लेवर ती खांद्याच्या पट्टीपेक्षा जास्त महाग पडते, कारण घसरून थांबताना आतल्या मांडीवर आणि पोटाच्या स्नायूवर सगळा ताण येतो. आणि 'प्रोटेक्टेड रँकिंग'ने (दुखापतीआधीच्या, राखून ठेवलेल्या रँकिंगने) आलेला खेळाडू कमीत कमी सहा महिने बाहेर होता, एवढं तरी त्या शब्दावरून कळतं. पहिले दोन सेट तो छान खेळेल. चौथ्यात काय होतं ते बघा.

#९ नवा_भिडू

मागच्या आठवड्यात जो स्पर्धा जिंकून येतो तो फॉर्ममध्ये असतो, त्याला धरायचं की थकलाय म्हणून सोडायचं? दोन्ही बाजूंनी लोक बोलतात.

#१० कोपरा_क्रॉसकोर्ट

दोन्ही बाजूंचे दाखले आहेत, म्हणून नुसता दाखला देऊन भागत नाही.

२०२३ ला मेदवेदेव रोम जिंकून पॅरिसला आला. पहिल्याच फेरीत थियागो सेबोथ वाइल्ड नावाचा ब्राझीलचा क्वालिफायर, रँकिंग १७२, त्याने पाच सेट्समध्ये घरी पाठवलं. २०२४ ला झ्वेरेव्ह रोम जिंकून आला, पहिल्या फेरीत समोर नदाल, तरी ६-३, ७-६, ६-३ ने जिंकला आणि फायनलपर्यंत गेला. दोघेही रोमचे विजेते. फरक कुठे? मेदवेदेव २०१७ ते २०२० सलग चार वर्षं पॅरिसमध्ये पहिल्या फेरीत हरलेला होता. त्याचा सपाट चेंडू आणि खूप मागून रिटर्न हा खेळ त्या कोर्टवर वर्षानुवर्षं उघडा पडत होता. एका चांगल्या पंधरवड्याने तो इतिहास पुसला, असं भावाने धरलं. सेबोथ वाइल्डने त्याला वाऱ्यात मोठ्या फोरहँडने कोपऱ्याबाहेर ढकलत नेलं.

थकव्याचंही तसंच. २०२५ ला जिनिव्हाची फायनल शनिवारी झाली, जोकोविचने हुर्काचला ५-७, ७-६, ७-६ असं हरवलं, तीन लांब सेट. मंगळवारी दोघेही पॅरिसमध्ये उतरले. जोकोविचने मॅकडॉनल्डला ६-३, ६-३, ६-३ असं काढलं. हुर्काच ३० वा सीड असून जोआव फोन्सेकाकडून तीन सरळ सेट्समध्ये हरला. एकाच सामन्याचा थकवा, पण समोर कोण आहे ते वेगळं. मॅकडॉनल्डची ताकद हार्डकोर्टवर आहे. फोन्सेका पहिल्या चेंडूपासून हल्ला करतो आणि दक्षिण अमेरिकेच्या मातीवर वाढलेला आहे.

जिनिव्हाच्याच सेमीफायनलला नॉरी होता. जोकोविचकडून हरला, पण एक सेट घेऊन. तो ८१ व्या रँकिंगने पॅरिसला आला आणि मेदवेदेवला पाचव्या सेटमध्ये ७-५ ने हरवलं. मला विचाराल तर आदल्या आठवड्याच्या विजेत्यापेक्षा उपांत्य किंवा उपउपांत्य फेरीत हरलेला बिनसीड खेळाडू जास्त कामाचा. त्याचे सामने झालेले असतात, पाय क्लेला लागलेले असतात, दोन दिवसांची विश्रांती मिळते आणि भावात त्याचं कौतुक झालेलं नसतं.

#११ लालमाती

सहमत. फक्त 'मागच्या आठवड्यात कुठे' हेही बघायला हवं. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. विरळ हवेत चेंडू वेगाने जातो, सर्व्हिसला फायदा होतो, टॉपस्पिन आवरायला कठीण. तिथे चाललेला मोठा सर्व्हर पॅरिसला तसाच चालेल असं धरू नका. २०१२ चं माद्रिद तर निळ्या, घसरड्या क्लेवर झालं होतं. तिथे सेरेना विल्यम्स जिंकली आणि पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत १११ व्या रँकिंगच्या विर्जिनी राझानोकडून हरली. ग्रँड स्लॅमच्या पहिल्या फेरीत त्याआधी ती ४६ पैकी ४६ सामने जिंकलेली होती. माद्रिदमुळे हरली असं मी म्हणत नाही, माद्रिदच्या जोरावर तिचा भाव आणखी उतरला असेल तर तो आधार कच्चा होता एवढंच.

रोम जास्त जवळचं. माँटे कार्लो एप्रिलमधलं, समुद्रकाठचं, गार आणि जड. बोगोटा २,६०० मीटरवर, त्याचे निकाल पॅरिससाठी बाजूलाच ठेवा.

#१२ दुसरी_सर्व्हिस

आकडे कोणते काढायचे ते सांगतो. मागच्या ५२ आठवड्यांतले फक्त क्लेवरचे सामने घ्या. दोन टक्केवाऱ्या लागतात: स्वतःच्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट आणि समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट. दुसरीला स्वतःच्या सर्व्हिसवर गमावलेल्या टक्केवारीने भागा. रिटर्नवर ४१% आणि सर्व्हिसवर गमावलेले ३७% असतील तर १.११. एकच्या वर म्हणजे एकूण वरचढ.

सर्व्हिसचे पॉइंट थोडे घसरले तरी गेम किती घसरतात ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता ६५% असेल तर सर्व्हिसचा गेम टिकण्याची शक्यता ८३% निघते. ६२% ला ७८%, ६०% ला ७४% आणि ५८% ला ६९%. हार्डकोर्टवर ६५% वाला मातीवर ६० वर आला, म्हणजे आधी तो सहापैकी एक गेम गमावत होता, आता चारपैकी एक. असा फेव्हरिट प्रत्येक सेटला अडचणीत येणार.

एक सावधगिरी. सर्व्हिसचे ४०० पॉइंट हा पाच-सहा सामन्यांचा माल झाला. तेवढ्यावरून काढलेल्या ६२% मध्ये नुसत्या नशिबाची चूक दोन्हीकडे साधारण अडीच टक्क्यांची असते. म्हणजे खरा आकडा ५९.५ ते ६४.५ मध्ये कुठेही सहज असू शकतो. दोन खेळाडूंमधला फरक त्याहून कमी असेल तर फरक नाही असंच धरा. चॅलेंजरचे (खालच्या स्तरावरच्या स्पर्धांचे) सामने घ्या, पण वेगळ्या रकान्यात, कारण समोरचे खेळाडू कमी दर्जाचे असतात. माझ्या तक्त्यात मी चॅलेंजरच्या सामन्याला अर्धंच वजन देतो.

#१३ नवा_भिडू

क्वालिफायरबद्दल सांगा ना. सेबोथ वाइल्डसारखे किती असतात?

#१४ लालमाती

क्वालिफायर तीन सामने जिंकून आलेला असतो, त्याच कोर्टांवर, त्याच चेंडूने. समोरचा सीड कदाचित आठवडाभर नुसता सराव करत असतो. पहिल्या सेटमध्ये हा फरक दिसतो. पण पात्रता फेरी तीन सेट्सची आणि मुख्य स्पर्धा पुरुषांना पाच सेट्सची. म्हणून क्वालिफायरवर सामना जिंकण्यापेक्षा 'निदान एक सेट घेईल' हा अंदाज मला जास्त पटतो, आपल्या खेळात तो पर्याय ठेवलाय. त्याने पात्रता फेरीत कोर्टवर किती तास घालवले ते मोजा. तीनही सामने तीन सेट्सचे आणि शेवटचा शुक्रवारी संपलेला, मुख्य सामना रविवारी, तर सोडा. मंगळवारी असेल तर विचार करा.

क्वालिफायर ड्रॉमध्ये कुठे पडतात ते पात्रता फेरी संपल्यावर ठरतं, त्यामुळे त्या सामन्यांचे भाव उशिरा निघतात आणि पहिले काही तास ढोबळ असतात. २०२५ ला मातेओ जिगांते क्वालिफायर होता, त्याने दुसऱ्या फेरीत त्सित्सिपासला चार सेट्समध्ये काढलं. त्याच वेळी झेप्पिएरीही क्वालिफायर होता, पहिल्या फेरीत अल्कारासकडून ६-३, ६-४, ६-२ हरला. क्वालिफायर हे लेबल बघून काहीच ठरत नाही.

यजमानांच्या वाइल्ड कार्डचंही तेच. बहुतेक जण पहिल्या फेरीत जातात. पण २०२५ ला लोइस बुआसाँ ३६१ व्या रँकिंगने आली, पहिल्या फेरीत २४ वी सीड मेर्टेन्स, पुढे पेगुला आणि आंद्रेयेवा यांना हरवून सेमीफायनलला गेली. तिचं रँकिंग गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीमुळे पडलेलं होतं, खेळामुळे नाही. रँकिंग का पडलंय हे विचारणं दोन मिनिटांचं काम आहे, तेवढं करा.

#१५ टेम्स_काठ

गेमच्या हँडिकॅपबद्दल कोणी बोललं नाही. मोठ्या सीडचा भाव १.०३ असेल तर तिथे काही उरत नाही, म्हणून लोक 'वजा ६.५ गेम' घेतात. म्हणजे त्याने एकूण सात किंवा जास्त गेमच्या फरकाने जिंकायला हवं. ६-४, ६-४, ६-४ जिंकला तर फरक सहा, सरळ सेट्समध्ये जिंकूनही अंदाज चुकला. २०२५ च्या पहिल्या फेरीत जोकोविच आणि अल्कारास दोघांचाही फरक नऊ गेमचा होता, झ्वेरेव्हचा टिएनविरुद्ध आठ, सिनरचा रिंडरकनेशविरुद्ध ६-४, ६-३, ७-५ म्हणजे बरोबर सात. रिंडरकनेश मोठ्या सर्व्हिसचा, सामना रात्रीचा. मोठ्या सर्व्हरविरुद्ध हँडिकॅप घेऊ नका, सेट कितीही एकतर्फी वाटला तरी ६-४ लाच संपतो. हँडिकॅपला चांगला समोरचा तो, ज्याची दुसरी सर्व्हिस कमजोर आहे आणि जो मागे पडल्यावर तिसरा सेट सोडून देतो. मुसेत्तीने हान्फमानला ७-५, ६-२, ६-० काढलं, फरक बारा. पहिला सेट बघून हा आकडा कोणी सांगितला नसता.

#१६ कोपरा_क्रॉसकोर्ट

महिलांच्या सामन्यांसाठी वेगळं लिहिते, कारण वरचं बरंचसं पुरुषांना धरून आहे.

सर्व्हिस ब्रेक जास्त होतात. म्हणून ५-२ ची आघाडी तिथे तेवढी पक्की नाही, ओसाकाचा सामना बघितलाच. दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट हा एकच आकडा बघायला वेळ असेल तर तोच बघा. तो ४० च्या खाली असेल आणि समोरची पुढे येऊन रिटर्न घेणारी असेल, तर सीड कितवाही असो, मी फेव्हरिटला हात लावत नाही. दुसरं, सीड नसलेल्या मोठ्या नावांची वरच्या सीडशी गाठ लवकर पडते. २०२५ ला पहिल्याच फेरीत दहावी सीड बदोसा विरुद्ध बिनसीड ओसाका होता. असे सामने सगळे बघतात, भाव घट्ट असतो, तिथे आपल्याला काही मिळत नाही. सोडा आणि शांतपणे बघा.

#१७ नवा_भिडू

आपला कोणी असेल तर? सुमित नागल वगैरे. मन तिकडे ओढतं.

#१८ लालमाती

मन ओढणारच. नागलचे दोन सामने शेजारी ठेवले की सगळा धागा त्यात येतो. एप्रिल २०२४, माँटे कार्लो: ९३ व्या रँकिंगचा नागल पात्रता फेरीत कोबोली आणि दिआस अकोस्ता यांना हरवून आला आणि ३८ व्या आर्नाल्दीला ५-७, ६-२, ६-४ असं हरवलं. क्लेवरच्या मास्टर्स १००० स्पर्धेत एकेरीचा मुख्य सामना जिंकणारा पहिला भारतीय पुरुष. तीन सेट्स, हळू कोर्ट, दोन सामने खेळून सेट झालेले पाय. त्याची चपळाई आणि लांब रॅली, सगळं जुळून आलेलं. पुढच्या महिन्यात पॅरिसला पहिल्या फेरीत १८ वा सीड खाचानोव, निकाल २-६, ०-६, ६-७. पाचपैकी तीन सेट्स जिंकायचा सामना, समोर जड फोरहँड आणि मोठी पहिली सर्व्हिस, नागलच्या दुसऱ्या सर्व्हिसवर सतत हल्ला. तोच खेळाडू, तीच लाल माती.

बालेवाडीला २०१८ ते २०२३ मध्ये एटीपी स्पर्धा झाली तेव्हा बरेच युरोपियन खेळाडू आपल्याकडच्यांनी समोर बसून बघितले. ती हार्डकोर्टवर होती. त्या आठवणीवर क्लेचा अंदाज बांधू नका.

#१९ दुसरी_सर्व्हिस

तक्ता तयार करतोय. प्रत्येक अंदाजाबरोबर पाच गोष्टी लिहा, नाहीतर मी धरणार नाही: तुमची टक्केवारी, त्या वेळचा भाव, कोर्ट आणि सत्र, शेवटचा क्ले सामना कधी व किती वेळाचा, आणि एका ओळीत कारण. कारणात 'फॉर्म चांगला' असं लिहिलं तर परत पाठवीन. गुण लावण्याचं प्रमाण: भावाशी गुणाकार १.०५ ते १.१० आला तर २ गुण, १.१० ते १.२० आला तर ३, त्यावर ५. आणि १.४० वगैरे आला तर आधी स्वतःचा हिशेब तपासा. बहुतेक वेळा खेळाडूच्या दुखापतीची बातमी तुमच्या नजरेतून सुटलेली असते.

सामना सुरू व्हायच्या वेळी भाव कुठे होता तेही मी नोंदवणार आहे. तुम्ही २.६० ला घेतलात आणि सुरुवातीला २.३० झाला, तर खेळाडू हरला तरी तुमचा अंदाज बाजाराच्या पुढे होता. ६४ सामन्यांत नशिबाचा भाग मोठा असतो, पण हा आकडा लवकर खरं बोलायला लागतो.

#२० नवा_भिडू

पाऊस येऊन सामना दुसऱ्या दिवशी गेला तर?

#२१ दुसरी_सर्व्हिस

अंदाज कायम राहतो, अर्धवट सामना पुढे चालू होतो तिथूनच. सुरूच झाला नसेल आणि कोर्ट किंवा सत्र बदललं, तर नवीन वेळेच्या एक तास आधीपर्यंत बदलता येईल. खेळाडूच बदलला, लकी लूझर आला, तर अंदाज रद्द आणि गुण परत.

#२२ लालमाती

रविवारचे अंदाज शनिवारी रात्री बारापर्यंत, भारतीय वेळेने. पॅरिसचं हवामान मी शनिवारी संध्याकाळी इथे टाकतो: तापमान, वारा, पावसाची शक्यता, तासातासाने. कोपरा_क्रॉसकोर्ट, महिलांच्या दुसऱ्या सर्व्हिसचे आकडे तुमच्याकडे असतील तर तक्त्याच्या दुसऱ्या पानावर भरा, रकाना मोकळा ठेवलाय.

#२३ कोपरा_क्रॉसकोर्ट

शुक्रवारी भरते. पात्रता फेरीतल्या १६ जणींचे आकडे शेवटचा सामना संपल्यावर.